बुडाला ताव

१

दुपारचं जेवण झालं, सुवर्णाबाई आपल्या मालिकेसमोर जाऊन बसल्या, की मोरेश्वरराव तळघराच्या पायऱ्या उतरायचे. उतरताना कठडा धरायचा, आणि खाली पोचल्यावर आपण कठडा धरला होता ना, हे मनाशी एकदा ताडून पाहायचं, असा त्यांचा अलीकडचा नेम होता. धातुशास्त्रातली डॉक्टरेट, मोटारींच्या कंपनीच्या प्रयोगशाळेतली सारी उमर, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या कॉलेजात संध्याकाळचे वर्ग, सगळं झालं होतं. आता उरला होता तो कठडा.

आणि वॉल्टचा डबा. शेजारचा वॉल्ट दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचा आणि आपली काडतुसं घरीच भरायचा. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून द्यायची नाही. साफ करून, पुन्हा मापात आणून, नवी दारू आणि नवी गोळी घालून वापरायची. पण दर वेळी उडवल्यावर पितळ कडक होतं आणि पुंगळीच्या तोंडाशी चिरा पडतात. म्हणून मधूनमधून मानेला ताव देऊन ती मऊ करावी लागते. वॉल्टची बोटं संधिवाताने वाकडी झाली होती. एक दिवस तो पुंगळ्यांचा डबा घेऊन दारात उभा राहिला. "मो, धातूतला माणूस तू आहेस. शिकतोस का?"

"जन्मात उंदीर मारला नाही कधी," सुवर्णाबाई म्हणाल्या होत्या, "आणि आता म्हातारपणी दारू भरायला बसणार!"

"दारू नाही अजून. आधी नुसतं पितळ."

"करा, करा. मिशांना ताव देण्याइतक्या मिशा तरी राहिल्यात का? मग द्या पितळेला."

त्या चिडवत होत्या, पण जिन्याच्या दारात थांबून बघतही होत्या. वसंतात मोरेश्वरराव शेगडीवर दूध ठेवून बाहेर फिरायला गेले होते. पातेलं जळलं, अलार्म बोंबलला, आगीचा बंब आला. तेव्हा दूर पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून त्यांच्या मुलीनं, हिमानीनं, फोनवर सगळ्यांकडून कबूल करून घेतलं होतं. अशी आणखी एक चूक झाली, की हे घर विकायचं आणि दोघांनी तिच्याकडे राहायला जायचं. मोरेश्वररावांनी हो म्हटलं होतं. त्यांचे थोरले भाऊ शेवटी शेवटी नागपूरला स्वतःच्याच मुलांना "आपण कोण?" म्हणून विचारायचे, हे ते विसरले नव्हते. निदान ते तरी.

तळघराच्या खिडकीला त्यांनी पुठ्ठा लावला होता. मानेवरचा रंग अंधारातच नीट कळतो. प्लंबर वापरतात तसला प्रोपेन गॅसच्या ज्योतीचा टॉर्च, पुंगळी ज्योतीत सावकाश फिरवायला ड्रिल, एक ॲल्युमिनियमचा ट्रे. आणि त्यांची जुनी खोड अशी, की काम करताना वर्गात बोलल्यासारखं मोठ्यानं बोलायचं. आयुष्यभर इंग्रजीत शिकवलं. आता ऐकायला घर गरम ठेवणारा फर्नेस आणि लोणच्याच्या बरण्या. मग ते मराठीत शिकवायची हौस भागवून घेत.

"हे बघा. हे पुंगळीचं तोंड. ही मान, हे खांदे, आणि हे बूड. ज्योत कुठे लावायची? अंधारात बघत राहायचं. लाली नुसती डोकावली, की बाहेर. आता सगळ्यात महत्त्वाचं. बुडाला ताव द्यायचा…"

"अहो, चहा! निवतोय!"

त्यांनी टॉर्च बंद केला. बंद केला ना, म्हणून परत वळून पाहिलं. मग कठडा धरून वर गेले.

२

दुसऱ्या दिवशी दिवा लावला, तेव्हा ट्रेमध्ये पुंगळ्या ओळीनं उभ्या होत्या, तोंडं वर. एक मात्र डोक्यावर उभी होती. बूड वर, तोंड खाली.

त्यांनी ती उचलली. मान कोरी होती. बुडाभोवती निळसर-तपकिरी छटेचं एक कडं उमटलं होतं.

त्यांनी चांगली पुंगळी सिमेंटच्या फरशीवर टाकली. टण्. मग ही टाकली. थप.

मोरेश्वरराव स्टुलावर बसले. काडतूस उडतं तेव्हा सगळा दाब बूड पेलतं. बूड मऊ झालं, तर तो दाब मागे फुटतो, बंदुकीला गाल लावून नेम धरणाऱ्याच्या तोंडावर. हे त्यांच्या वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ मुलालाही परीक्षेत लिहिता आलं असतं. आणि ही पुंगळी वॉल्ट आपल्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर ठेवणार होता.

घरात हा टॉर्च पेटवता येणारं माणूस एकच. सुवर्णाबाईंचे गुडघे त्यांना पायऱ्या उतरू देत नव्हते. म्हणजे हे आपणच केलं. कधी केलं, ते आठवत नव्हतं. पण आठवत नाही, हाच तर पुरावा.

त्यांनी पकडीनं ती पुंगळी चेपली आणि खिशात टाकली. बाहेरून खिसा चाचपला. आज ना उद्या आपलं पितळ उघडं पडणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि या शब्दांवर हसू यायच्या ऐवजी त्यांना घाम फुटला.

३

त्यानंतर ते रोज घडू लागलं. रोज एकच. ओळीत एकच पुंगळी डोक्यावर, बुडाभोवती एक कडं.

मोरेश्वररावांनी शास्त्रज्ञानं करावं ते सगळं केलं. टॉर्चला सुतळी बांधून गाठ मारली. दुसऱ्या दिवशी गाठ जशीच्या तशी आणि ट्रेमध्ये नवी उलटी पुंगळी. मग वाटलं, गाठ मीच मारली, तर तशीच पुन्हा मीच मारू शकत नाही का? विसरणाऱ्या माणसाचे हात काही विसरत नाहीत.

मग त्यांनी भिंग लावून रंगाचं कडं पाहिलं. त्यांचा उजवा हात गेल्या वर्षापासून कापायचा, त्यामुळे त्यांनी तावलेल्या मानेवरची रेघ जराशी तिरकी यायची. बुडावरची रेघ मात्र पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. कुठे इतकीशीही लवलेली नाही. मोरेश्वरराव बराच वेळ भिंगातून बघत राहिले. म्हणजे विसरल्यावर माझा हात कापत नाही?

एकदा ते जेवणावरून उठून तडक खाली गेले. उलटी पुंगळी कोमट होती.

ते वर आले. सुवर्णाबाई खरकटं काढत होत्या.

"जेवताना मी मधे उठलो होतो का गं?"

"उठला होतात की. ताक आणायला."

"किती वेळ?"

"ताक आणायला लागतो तेवढा! का? आता ताकही विसरायला लागलात?"

त्या हसल्या, पण हात थांबला होता. थोड्या वेळानं त्या बेडरूमचं दार लोटून फोनवर हळू आवाजात बोलू लागल्या. मोरेश्वररावांना शब्द ऐकू आले नाहीत. ते ऐकायची गरजही नव्हती.

शनिवारी सकाळी हिमानी आली.

४

हिमानी लहानपणापासून प्रश्न सरळ विचारायची. कोट काढायच्या आत म्हणाली, "बाबा, बी ऑनेस्ट. काय चाललंय?"

मोरेश्वररावांनी खिशातून चेपलेल्या पुंगळ्या काढून जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. लोणच्याच्या वाटीशेजारी त्या दातांसारख्या दिसत होत्या.

"हे मी केलंय. चुकीच्या टोकाला ताव दिलाय. वॉल्टनं या वापरल्या असत्या तर त्याचा चेहरा जागेवर राहिला नसता. आणि मला यातलं काहीही आठवत नाही."

सुवर्णाबाईंनी उगाचच वाटी सरकवली.

"ओके," हिमानी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ऑफिसातला होता. "थँक यू, बाबा. सांगितलंत, हे मोठं आहे. पण मग ठरलं. टॉर्च मी घेऊन जाते. सोमवारी एजंटला बोलावते. राइट?"

"राइट," मोरेश्वरराव म्हणाले.

ती खाली गेली. टॉर्च, गॅसचं नळकांडं, ड्रिलसुद्धा घेऊन वर आली. सगळं तिनं भाड्याच्या गाडीच्या डिकीत ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली जीन्सच्या खिशात घातली. मग तिघं जेवायला बसली. आज सुवर्णाबाईंनी ताक आधीच ताटाशी आणून ठेवलं होतं. "उठू नका," त्या म्हणाल्या. मोरेश्वरराव उठले नाहीत. वरणभात, बटाट्याची भाजी. हिमानी बेलव्ह्यूच्या घरातल्या खालच्या मजल्यावरच्या खोलीबद्दल बोलत होती. तिला मोठी खिडकी आहे म्हणे. बाहेर देवदारासारखी झाडं आहेत म्हणे. मोरेश्वरराव मान डोलावत होते, आणि त्यांना वाटत होतं, या घरात आपण बसून जेवतोय, हे आपल्याला पुढच्या महिन्यात आठवेल का?

जेवण झाल्यावर डबा वॉल्टला परत करायचं ठरलं. या वेळी सुवर्णाबाईही कठडा धरून, एकेक पायरी करत खाली आल्या. हिमानीनं दिवा लावला.

ट्रेमध्ये एक पुंगळी डोक्यावर उभी होती.

"ही राहिली वाटतं," हिमानी म्हणाली आणि तिनं ती उचलली. "आई गं!"

पुंगळी फरशीवर पडली. थप. हिमानी बोट तोंडात धरून उभी राहिली. मग तिनं बोट बाहेर काढून पाहिलं. टोक लाल झालं होतं.

"बाबा, इथे दुसरा टॉर्च आहे?"

"नाही."

"काडेपेटी? लायटर? काहीतरी?"

"काडीनं पितळ इतकं तापत नाही, बेटा."

"मग तुम्ही…"

"मी तुझ्यासमोर बसलो होतो. किती वेळा उठलो?"

हिमानीनं खिशातली किल्ली चाचपली. मग आईकडे पाहिलं. "एकदाही नाही," ती अगदी हळू म्हणाली.

फर्नेस घरघर करत होता, आणि त्या घरघरीत तिघांच्याही अंगावर काटा उभा राहिला. मोरेश्वररावांच्याही. पण त्या काट्याखालून, पोटातून, दुसरंच काहीतरी वर येत होतं. आधी त्यांना वाटलं, हुंदका आहे. तो बाहेर पडला तेव्हा हसू होतं.

"मी नव्हतो!" ते म्हणाले. "सुवर्णा, मी नव्हतो! मी विसरलो नाही! मी काहीच केलेलं नाही, मग आठवेल कुठून?"

५

"बाबा, वर चला. प्लीज. आत्ताच्या आत्ता. मी पोलिसांना फोन करते."

"काय सांगशील? कुणीतरी चुकीच्या टोकाला ताव देतंय, म्हणून?"

"अहो, पण चुकीच्या टोकाला का?" सुवर्णाबाई म्हणाल्या. त्या पायरीवर बसल्या होत्या, एक हात गुडघ्यावर. घाबरलेल्या असल्या तरी त्यांचा प्रश्न नेमका होता.

मोरेश्वरराव थबकले. हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता. चूक माझी, हे इतकं घट्ट धरून ठेवलं होतं, की चुकीकडे नीट पाहिलंच नव्हतं. रोज तीच चूक. रोज तितकीच नेटकी. रेघ पट्टीसारखी सरळ. हे अडाण्याचं काम नव्हे. हे आज्ञाधारक विद्यार्थ्याचं काम. कुणीतरी जे सांगितलं, ते तंतोतंत केलंय. सांगितलं कुणी? इथे बोलणारा कोण आहे?

त्यांनी ओठांतल्या ओठांत मागचा धडा पुन्हा म्हणून पाहिला. हे तोंड. ही मान. हे बूड. आता सगळ्यात महत्त्वाचं. बुडाला ताव द्यायचा…

आणि तिथेच थांबले. कारण त्या दिवशीही ते तिथेच थांबले होते.

"चहा," ते म्हणाले.

"आत्ता?" सुवर्णाबाई म्हणाल्या.

"त्या दिवशी तू चहाला हाक मारलीस. मी वाक्य अर्धं टाकून वर आलो. 'नाही' म्हणायचं राहिलं." ते म्हणाले. "जन्मभर इंग्रजीत शिकवलं गं. त्यात नकार पहिल्यांदा येतो. मग वाक्य कुठेही तुटू दे. आपल्या भाषेत 'नाही' सगळ्यात शेवटी! ते जिभेवरच राहिलं आणि मी चहा प्यायला गेलो."

"कुणाला शिकवत होतात तुम्ही?" हिमानीनं विचारलं.

इथे, मिशिगनमध्ये, पुठ्ठा लावलेल्या या खोलीत, कुणाला तरी मराठी कळत होतं, एवढंच मोरेश्वररावांना कळलं होतं.

ते कामाच्या टेबलापाशी गेले. खाकरले. पाठ ताठ केली. संध्याकाळच्या वर्गात करायचे तशी.

"मागच्या वेळचं वाक्य अपुरं राहिलं. चूक शिक्षकाची आहे. नीट ऐका. बुडाला ताव द्यायचा नाही. मानेला द्यायचा. फक्त मानेला."

सुवर्णाबाईंचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. मोरेश्वररावांनी तो पाहिला.

"पुंगळीच्या मानेला," ते घाईघाईनं म्हणाले. "पुंगळीच्या. दुसऱ्या कुणाच्याही नाही."

मग त्यांनी एक कोरी पुंगळी ट्रेमध्ये सरळ उभी केली, चार पावलं मागे सरले आणि दिव्याच्या बटणावर हात ठेवला.

"बाबा, डोन्ट!"

"अंधारातच रंग कळतो," ते म्हणाले आणि दिवा घालवला.

आधी काहीच दिसलं नाही. नुसती फर्नेसची घरघर, आणि पायरीवर हिमानीचा श्वास. मग ट्रे असायला हवा होता, त्याच्या जरा वर, हवेत, एक कडं उजळू लागलं. अगदी फिकट. पहाटेच्या आधी आभाळाच्या कडेला असते ना, तेवढीच लाली. खाली ज्योत नव्हती. ज्योतीचा आवाज नव्हता. आणि ते कडं सावकाश फिरत होतं, कुणी दोन बोटांत धरून फिरवावं तसं, एकसारखं, न कापता.

लाली क्षणभर वाढली. त्या उजेडात एक अंगठा दिसला. नुसता नखाकडचा भाग. जाड, रुंद नख, त्यावर काजळी. अंगठ्यामागे हात असायला हवा होता, तिथे अंधार होता.

"बास," मोरेश्वरराव म्हणाले. "बाहेर काढा."

लाली विझली. ट्रेमध्ये पितळ टेकलं.

टण्.

हिमानीनं दिवा लावला. तिचा हात कापत होता, मोरेश्वररावांचा नव्हता. पुंगळी तोंड वर करून उभी होती. तिच्या मानेभोवती खांद्यापर्यंत निळसर छटा उतरली होती, आणि तिची रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती.

"शाबास," मोरेश्वरराव म्हणाले.

६

एजंट आला नाही. हिमानी सोमवारी परत गेली. विमानतळावर तिनं बापाला इतकं घट्ट धरलं, की त्याला श्वास घेता येईना. "तुम्ही वेडे आहात," ती म्हणाली. "पण तुम्ही विसरत नाही. तेवढं मी सगळ्यांना सांगेन." टॉर्च तिनं परत दिला. आता त्याची फारशी गरज नव्हती.

मोरेश्वररावांनी प्रत्येक पुंगळीचं बूड भिंगातून तपासलं, प्रत्येक फरशीवर वाजवून पाहिली, आणि मगच डबा वॉल्टला नेऊन दिला. वॉल्टनं एक पुंगळी उजेडाकडे धरली आणि शीळ घातली. "मो! तुझा हात कापायचा थांबला की काय?"

"थांबला," मोरेश्वरराव म्हणाले. ते खोटंही नव्हतं. वॉल्टनं पुंगळ्यांचा पुढचा डबा आणि सोबत काडतुसांत भरायच्या दारूचा डबाही त्यांच्या हाती दिला.

घर तेच राहिलं, जिना तोच, आता कठडा न धरताही ते उतरू लागले. फक्त त्यांच्या बोलण्यात एक बदल झाला आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात लोक त्यावरून त्यांची फिरकी घेऊ लागले. ते 'नाही' आधी बोलायचे. "नाही, साखर नको घालूस." "नाही, दारूच्या डब्याला हात लावायचा नाही. नाही म्हणजे नाही." हे शेवटचं ते रोज, तळघरात पोचल्याबरोबर, स्वच्छ आवाजात म्हणायचे.

कारण एक विचार त्यांना सोडत नव्हता. इतकी वर्षं हे घर होतं. इतकी वर्षं वर स्वयंपाकघरात, जिन्यावर, भांडणात, फोन वाजला म्हणून, दूध उतू गेलं म्हणून, किती वाक्यं अर्धी राहिली असतील? ती सगळी कुणी ऐकून ठेवली असतील तर?

ऑक्टोबरातली एक दुपार. खाली काम चाललं होतं. मोरेश्वरराव स्टुलावर बसून नुसते ऐकत होते. टण्. थोड्या वेळानं पुन्हा टण्. वर सुवर्णाबाई हिमानीशी फोनवर बोलत होत्या आणि त्यांचा आवाज जिन्यावरून खणखणीत खाली येत होता.

"नाही गं, ऐकतात कुठे! आता मी ठरवलंय. या माणसाला एकदाचं उचलून… अगंबाई, दूध!"

लगबगीची पावलं. गॅसचं बटण. मग काहीच नाही.

तळघरातला आवाज थांबला. टण् नाही, काही नाही. फर्नेसही नेमका त्याच क्षणी बंद पडला, आणि त्या शांततेत मोरेश्वररावांच्या मागे काहीतरी लक्ष देऊन ऐकू लागलं.

मोरेश्वरराव दोन-दोन पायऱ्या एकदम चढले. या वयात. कठडा न धरता.

"सुवर्णा! वाक्य पूर्ण कर!"

"अहो, दूध उतू…"

"दूध जाऊ दे मसणात! उचलून काय? मोठ्यानं बोल! उचलून काय?"

सुवर्णाबाई फडकं हातात धरून वळल्या. नवऱ्याचा चेहरा पाहिला. मग त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागे, जिन्याच्या काळोखाकडे गेली, आणि त्यांनी घसा साफ केला.

"उचलून," त्या जिन्याकडे तोंड करून, शाळेतल्या मुलीसारख्या ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "दिवाळीला बेलव्ह्यूला घेऊन येते. चार दिवस. विमानानं. आणि परत आणते."

दोघं कान देऊन उभे राहिले.

खाली, अंधारात, पितळ वाजलं.

टण्.

सुवर्णाबाईंनी श्वास सोडला. शेगडीवरून दूध ओघळत होतं, जळका वास सुटला होता, आणि या वेळी ते दूध मोरेश्वररावांनी ठेवलेलं नव्हतं. त्यांनी त्या पांढऱ्या ओघळाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, दोन बोटं वर नेली आणि जी काही चार केसांची मिशी उरली होती, तिला ताव दिला.